पाहुणी कलाकार

मार्चमधल्या एका सकाळी मला स्वित्झर्लंडहून मेल आला. पाठवणारी बाई अनोळखी होती. माझ्या जुन्या वर्तमानपत्राच्या सातारा कार्यालयातून तिने माझा पत्ता मिळवला होता. तिची मावशी जानेवारीत वारली होती. मावशी नटी होती. चाळीस वर्षं रंगभूमीवर आणि मधूनमधून सिनेमात. नातेवाईक आणि जुने सहकारी मिळून तिच्या कामांची एक पुस्तिका काढत होते. यादीतल्या शेवटच्या भूमिकेबद्दल भाचीला चार शब्द हवे होते, कारण त्या भूमिकेविषयी घरात कुणालाच काही माहीत नव्हतं.

यादी सोबत जोडली होती. शेवटची ओळ अशी: सातारा, भारत. आईची भूमिका. आणि त्यापुढे कंसात दोन छोटी रोमन अक्षरं, ए आणि जी.

या अक्षरांचा अर्थ मला ठाऊक होता. जर्मन भाषेतल्या नाटकांच्या कार्यक्रमपत्रिकेत काही नटांच्या नावापुढे ती छापतात. 'पाहुणा म्हणून' असा त्यांचा अर्थ. हा नट आमच्या मंडळीतला नाही, एवढ्या नाटकापुरता बोलावलेला आहे, असं प्रेक्षकांना त्यातून कळतं. हे मला तिनेच सांगितलं होतं, आणि सातारच्या ओळीपुढे ती अक्षरं माझ्यामुळे पडली होती.

सात वर्षांपूर्वी मी सांगलीच्या एका दैनिकाच्या सातारा कार्यालयात उपसंपादक होतो. आम्ही दोघंच होतो. दुसरा बातमीदार त्या आठवड्यात कारखान्याच्या सभेला गेला होता, म्हणून हौशी नाट्यस्पर्धा माझ्याकडे आली. सांगली, मिरज, कराड, वाई आणि खुद्द साताऱ्याचे संघ होते. दिवसाला दोन नाटकं, एक सकाळी अकराला, एक दुपारी चारला. मी सहसा पहिला अंक बघून निघत असे. उरलेली बातमी कार्यक्रमपत्रिकेवरून होत असे.

मिरजेच्या संघाचं नाटक मी शेवटपर्यंत पाहिलं. विषय साधा होता. एक विधवा आई लेकीच्या सासरी राहायला येते आणि बारा वर्षं तिथेच राहते. भाकऱ्या थापते, नातवंडं सांभाळते, म्हशीची धार काढते. पण दारावरून जाणारा प्रत्येक माणूस तिला विचारतो, “पावणीबाई, कवा आलासा? किती दिस मुक्काम?” आमच्या भागात नातेवाइकाला पाहुणाच म्हणतात, आणि लेकीच्या घरी आई कायमची पाहुणी असते. त्यामुळे प्रेक्षक आधी हसले. दुसऱ्या अंकात हसणं कमी झालं. शेवटी जावयाच्या घराची वाटणी होते, पंच बसतात, आणि कुणीतरी म्हणतं, पावणीला आत जायला सांगा. तेव्हा ती उंबऱ्यात उभी राहून म्हणते, “मी पावणी न्हाई. मी हितलीच हाय.” आवाज चढवत नाही. चुलीवर दूध आहे, असं सांगावं तसं सांगते.

ती भूमिका करणारी बाई स्विस होती. पदर डोक्यावरून, चेहरा रंगवून सावळा केलेला, डोळे खाली. पहिली दहा मिनिटं माझ्याही लक्षात आलं नाही. नंतर शेजारच्या माणसाने सांगितलं, “ती गोरी बाई हाय. लय अवघड काम केलंय गड्या.”

नाटक संपल्यावर मी रंगपटात गेलो. ती आरशासमोर बसून खोबरेल तेलाने रंग काढत होती. अर्धा चेहरा सावळा, अर्धा गुलाबी.

“आवं, बसा की,” ती म्हणाली. “खुर्ची न्हाई. ट्रंकंवर बसा. ट्रंकंत लुगडी हायती, माणूस न्हाई.”

दिग्दर्शिका दारात उभी होती. मिरजेच्या एका रुग्णालयात ती फिजिओथेरपिस्ट होती. संघातले सगळे तिला ताई म्हणत. ती म्हणाली, “हिला पुस्तकातलं मराठी येत नाही हं. घरमालकिणीकडं शिकलीय. काल परीक्षकांना म्हणाली, आवं, उनात का हुबं ऱ्हायलासा? ते घाबरून सावलीत गेले.”

मी पाऊण तास तिची मुलाखत घेतली. अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. ती वही अजून माझ्याकडे आहे.

वडील रेल्वेत होते. पहिली भूमिका एकोणिसाव्या वर्षी, मोलकरणीची, वाक्यं दोन. मग एका तळ्याकाठच्या शहरातल्या नाट्यगृहात कायमची नेमणूक झाली. तिकडे नाट्यगृहाची स्वतःची मंडळी असते, पगारावर, वर्षानुवर्षं एकत्र काम करणारी. त्या मंडळीत ती सव्वीस वर्षं होती. तिने राण्या केल्या, जोगिणी केल्या, एका खुन्याची बायको केली. मधल्या काळात सिनेमे झाले, पण पोस्टरवर तिचा चेहरा कधी आला नाही. टीव्हीच्या एका मालिकेत ती इन्स्पेक्टरची शेजारीण होती. “त्यात मी फक्त दार उघडते,” ती म्हणाली. “चार वर्षं दार उघडलं.”

चौपन्नाव्या वर्षी नवे संचालक आले आणि तिचा करार पुढे वाढला नाही. त्यानंतर त्याच नाट्यगृहात तिला छोट्या कामांसाठी बोलावत. जिना तोच होता आणि रंगपटही तोच. पण पहिल्याच कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावापुढे ती दोन अक्षरं छापून आली.

“मला वाटलं, छापणाऱ्याची चूक,” ती म्हणाली. “मी हापिसात गेले. म्हटलं, हे काढा. ते म्हणाले, चूक न्हाई, नियम हाय.”

नंतर वाईच्या घाटावर एका परदेशी सिनेमाचं चित्रीकरण होतं, त्यात तिला सहा दिवसांचं काम मिळालं. दुसऱ्या दिवशी घाटाच्या ओल्या पायरीवरून ती घसरली आणि घोट्याचं हाड मोडलं. सिनेमावाल्यांनी तिला मिरजेच्या रुग्णालयात पोचवलं आणि भूमिका कापून टाकली. तंबोरे बनवणाऱ्या एका कुटुंबाच्या घरात तिने वरची खोली घेतली. व्यायाम करून घ्यायला रोज ताई येत असे. पाय बरा झाल्यावर ताईने तिला तालमीला नेलं, बसायला म्हणून. तीन महिन्यांनी ती संघाची सभासद झाली.

“सभासद,” हा शब्द तिने मला दोनदा म्हणून दाखवला. तिच्या तोंडी तो 'सबासद' असा येत होता. “कागदावर माझं नाव हाय. पुढं काय न्हाई.”

माझ्या हातात उद्याच्या पानाचं प्रूफ होतं. त्यावरच्या लाल खुणा काय आहेत, असं तिने विचारलं. मी दाखवलं. चुकीच्या शब्दावर आडवी रेघ, समासात तिरकी रेघ, तिच्यापुढे बरोबर शब्द. ती म्हणाली, आमच्या संहितेतही अशाच खुणा करतात.

बातमी मी नऊच्या आत दिली. दोन कॉलम, फोटोसह. मथळ्यात नाटकातल्या शब्दावर श्लेष केला: 'सातारकरांना जिंकणारी पाहुणी कलाकार'. तिच्या नावापुढच्या अक्षरांची गोष्ट मी ऐकली होती, वहीत लिहून घेतली होती, आणि त्यातूनच मला तो श्लेष सुचला होता. मथळ्यावर मी खूश होतो.

मला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि मी स्पर्धेची नियमावली वाचली असती तर ती कळली असती. मुंबई-पुण्याचे व्यावसायिक नट आणून बक्षिसं नेली जाऊ नयेत म्हणून वैयक्तिक अभिनयाचं पारितोषिक फक्त संघाच्या सभासदालाच देत. पाहुणे कलाकार त्याला पात्र नव्हते. नियमात शब्द हाच होता, पाहुणे कलाकार.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला. संयोजकांपैकी एक निवृत्त शिक्षक बोलत होते.

“साहेब, आज तुमच्यात छापून आलंय, पाहुणी कलाकार. ते बरोबर आहे ना?”

“छापलंय म्हणजे बरोबरच आहे.”

“नाही, एकदा विचारून घ्यावं म्हटलं. म्हणजे तुम्ही त्यावर ठाम आहात?”

“आम्ही बातमीवर ठाम आहोत.”

त्यांनी आभार मानले. मिनिटभरही बोलणं झालं नाही. बातमीवर ठाम आहोत, हे वाक्य वर्तमानपत्रात सवयीने तोंडात येतं. पोलीस, पुढारी, ठेकेदार, कुणीही फोन केला की आधी ते म्हणायचं आणि मग चौकशी करायची, अशी आमची रीत होती. त्या दिवशी चौकशी राहिली. ते का विचारतायत, एवढंच विचारायचं होतं. नव्या बातमीदाराला पहिल्या दिवशी शिकवतात तो प्रश्न.

एका स्पर्धक संघाने आमचं कात्रण तक्रारीला जोडलं होतं. निकाल संध्याकाळी लागला. स्त्री अभिनयाचं पहिलं पारितोषिक कराडच्या एका मुलीला मिळालं. परीक्षकांच्या कागदावर आधी कुणाचं नाव होतं आणि त्यावर रेघ कधी मारली, हे एका परीक्षकाने ताईला सांगितलं. ताईने सभासदांची वही मागवून घेते म्हणून सांगितलं, पण वही मिरजेत होती आणि व्यासपीठावर हार आणून ठेवले होते. संयोजक म्हणाले, पेपरवाल्यांना विचारून खात्री केली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला तेव्हा मला हे सगळं कळलं. मी बसस्थानकावर गेलो. संघाची मंडळी सांगली गाडीची वाट बघत होती. नेपथ्याची चूल पोत्यात बांधलेली होती आणि ती स्विस बाई त्या पोत्यावर बसून चहा पीत होती.

ताईने मला बसूही दिलं नाही. “एवढा मोठा मराठीचा पेपर काढता आणि सभासद कोण, पाहुणा कोण, एवढं कळत नाही होय? आठ महिने ही बाई पाय ओढत तालमीला आलीय. एक दिवस चुकवला नाही.”

मी म्हणालो, तो श्लेष होता. अवतरणचिन्हं होती, संगणकात फॉन्ट बदलताना ती उडाली असणार.

“उडाली?” ताई म्हणाली. “पाखरं हायत काय?”

मंडळी हसली. तीही हसली. मग तिने पेला खाली ठेवला.

“मला आधी वाटलं, चांगला शब्द हाय,” ती मला म्हणाली. “पावण्याला चा देतात, साखर जास्त घालतात. मग ताईनं सांगितलं.” पुढे ती म्हणाली, “आवं, बक्षीस ऱ्हाऊ द्या. बक्षीस गेलं. दोन वळी लिवा. ही बाई सबासद हाय. बास. मी कात्रण ठेवीन.”

“लिहितो,” मी म्हणालो.

“उद्या?”

“उद्या नाही तर परवा.”

गाडी आली. तिने चुलीचं पोतं कुणाला उचलू दिलं नाही.

मी सांगलीच्या मुख्य कार्यालयाला फोन केला. तिथल्या वरिष्ठाने विचारलं, बाईंची बदनामी झालीय का? नाही. मग नाव चुकलंय? नाही. “चांगलंच म्हटलंय की त्यांना. दुरुस्ती कशाची छापायची?” आमच्याकडे दुरुस्ती दोनच ठिकाणी छापत, जाहिरातीत आणि निधनवार्तेत.

पुढे बरीच वर्षं मी ही हकीकत सांगताना इथे थांबत असे. वरून परवानगी मिळाली नाही, आणि मूळ चूक फॉन्टची. पण सातारा पानाचे कोपरे मीच भरत होतो. वीज बंद राहील, पाकीट सापडलं, शिबिराची तारीख बदलली. दोन ओळींच्या असल्या बातम्या मी रोज तीन-चार टाकत असे आणि त्यासाठी कुणालाही विचारत नसे. तिच्या दोन ओळी त्यात बसल्या असत्या. पहिल्या दिवशी जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मला लाज वाटली, कारण दुरुस्ती छापली की चूक कुणाची हे कार्यालयात कळणार होतं. आठवड्याने वाटलं, आता कोण वाचणार?

चार महिन्यांनी तिची भारतात राहण्याची मुदत संपली आणि ती परत गेली. जाण्याआधी तिने एकदा कार्यालयात फोन केला होता. मी जागेवर नव्हतो, असं सहकाऱ्याने तिला सांगितलं. मी जागेवर होतो.

निवृत्तीनंतर मी सांगलीला राहायला आलो. मिरज इथून शहर बसने अर्ध्या तासावर आहे. सात वर्षांत मी तिथे दवाखान्यासाठी अनेकदा गेलो. ताईकडे गेलो नाही.

भाचीच्या मेलला मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. ती पाहुणी नव्हती, संघाची सभासद होती, ती दोन अक्षरं काढून टाकावीत. भाचीचं उत्तर सभ्य होतं. मावशीच्या कागदांत या नाटकाचा एकच पुरावा आहे, तुमचं कात्रण. आम्ही ते यंत्राकडून भाषांतरित करून घेतलं, आणि त्यात स्पष्ट पाहुणी कलाकार असं आहे. बातमी तुम्हीच लिहिली होती ना? दुसरा काही कागद असेल तर पाठवावा.

ती माझ्या बातमीवर ठाम होती.

मी मिरजेला गेलो. ताई आता निवृत्त आहे. घराच्या पुढच्या खोलीत अजून तालमी होतात. तिने मला लगेच ओळखलं.

“या. सात वर्षं लागली होय सांगलीहून मिरजेला? रेल्वेसुद्धा एवढा उशीर करत नाही.”

ती तिकडे वारल्याचं ताईला माहीत नव्हतं. मी सांगितलं, आणि भाचीला पुरावा हवा आहे तेही सांगितलं. ताई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग हातात वही घेऊन आली. सभासद नोंदवही, लाल कापडी पाठीची. तिने पान काढून माझ्यासमोर ठेवलं. अनुक्रम, नाव, पत्ता, भूमिका, सही असे रकाने होते. पत्त्याच्या रकान्यात मिरज लिहिलं होतं. सहीच्या जागी देवनागरीत, एकेक अक्षर वेगळं काढून, तिचं नाव होतं.

“जाईपर्यंत विचारायची,” ताई म्हणाली. “पेपरात आलं का? आलं का? शेवटी मीच खोटं सांगायला लागले, येईल म्हणून.”



“फोटो काढा आणि पाठवा,” ती म्हणाली. “आणि चहा घेऊन जा. साखर जास्त घालू का?”

मी फोटो पाठवला. चार दिवसांनी भाचीचं उत्तर आलं. नोंदवहीबद्दल तिने मनापासून आभार मानले होते. पण पुस्तिका छापून झाली होती. प्रत्येक प्रतीत ती एक सुटी चिठ्ठी घालू शकत होती, त्यासाठी मी दोन ओळी लिहून द्याव्यात. आपल्याकडच्या जुन्या पुस्तकांत शुद्धिपत्र असे, तसंच.

आणि आणखी एक विचारायचं होतं. कात्रणाची प्रतिमा तिने सोबत जोडली होती. त्यावर मावशीने हाताने काहीतरी लिहिलं आहे, ते यंत्राला वाचता आलं नाही. तुम्ही वाचून सांगाल का?

मी प्रतिमा मोठी करून पाहिली. आधी बातमी वाचली. शब्द तीन ठिकाणी होता: मथळ्यात, फोटोखाली आणि पहिल्या वाक्यात. पहिलं वाक्य 'मूळची स्वित्झर्लंडची पाहुणी कलाकार' असं सुरू होत होतं. तिथे श्लेष नव्हता. त्याच बातमीत नाटकातलं वाक्य होतं आणि त्याभोवतीची अवतरणचिन्हं शाबूत होती. फॉन्टने काहीही उडवलं नव्हतं. मी चिन्हं घातलीच नव्हती.

तिन्ही ठिकाणी 'पाहुणी कलाकार' या शब्दांवर लाल पेनाने आडवी रेघ होती. समासात तिरकी रेघ, आणि तिच्यापुढे, थरथरत्या पण नीट अक्षरात, 'सबासद'. तिन्ही ठिकाणी तसंच. खुणा बरोबर होत्या. रंगपटात ट्रंकेवर बसून मी दाखवल्या होत्या तशाच.

भाचीला मी लिहिलं की मावशींनी बातमीतली चूक दुरुस्त केली आहे आणि त्यांची दुरुस्ती बरोबर आहे. मग चिठ्ठीसाठी दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या: सातारा येथील नाटकात त्या पाहुण्या नव्हत्या, त्या मिरजेच्या संघाच्या सभासद होत्या. चूक बातमी लिहिणाऱ्याची आहे. खाली मराठीतही त्याच ओळी द्याव्यात, असं भाचीने सुचवलं होतं. मी टंकलेखन केलं. 'सभासद' लिहिलं, शुद्धलेखन तपासलं. मग तो शब्द खोडला आणि तिने लिहिला होता तसा ठेवला.